संडास-बाथरूम एकत्र : आराखडा 'ड'पर्यंतची नोंद

काम कुठवर आलंय : मापं घेऊन झाली, चार आराखडे काढून झाले, चौथा हॉलच्या फरशीवर खडूने पूर्ण मापात आखून तपासला. तोडफोड अजून बाकी आहे. सोसायटीचं ना-हरकत पत्र आणि खालच्या मजल्यावरच्या छताची पाहणी झाल्याशिवाय हातोडा लावायचा नाही.

नमुना आपल्याकडच्या जुन्या वन-बीएचकेचा. पॅसेजला लागून शेजारी-शेजारी संडास (900 × 1200 मिमी) आणि बाथरूम (1500 × 1200), मध्ये टाइलसकट 140 ची पडदी (पातळ भिंत). पडदी काढली की 2540 × 1200, म्हणजे 3.05 चौरस मीटर. एकत्रित न्हाणीघराला राष्ट्रीय बांधकाम संहितेत किमान 2.8 चौरस मीटर आणि 1.2 मीटर रुंदी सांगितली आहे, त्यात हे बसतं. घरात चार-पाच माणसं आणि न्हाणीघर हे एकच असेल तर मात्र पडदी काढूच नये. सकाळी सात ते आठची मारामारी कोणत्याही काचेच्या पार्टिशनने सुटत नाही.

सगळी मापं मिमीमध्ये. आडवी मापं डाव्या (संडासाकडच्या) भिंतीपासून, पातळ्या पॅसेजच्या तयार फरशीपासून (− म्हणजे तिच्या खाली).

मापं घेताना प्रत्येक लांबी-रुंदी तीन उंचींवर घ्या : फरशीलगत, 900 वर, 1800 वर. आराखड्यात सगळ्यात कमी आकडा धरायचा. पडदी उभी असेपर्यंत कर्ण खोलीवार तपासता येतो; 1500 × 1200 चा कर्ण 1921 यायला हवा. दोन कर्णांत दहाहून जास्त फरक आला तर कोपरा गुण्यात (काटकोनात) नाही, आणि ती तिरकस पाचर शेवटी फरशीच्या कडेला उघडी पडते. जुन्या टाइलवर नवी टाइल चिकटवायचा सल्ला हमखास मिळेल. त्यात प्रत्येक बाजूला 12 ते 15 जातात आणि 1200 ची खोली 1170 ची होते. इथे तेवढी चैन परवडत नाही.

कागद 1:20 वर, म्हणजे आलेखावरचा एक मिमी = जागेवरचे वीस. कमोड, बेसिन, दाराचा पल्ला पुठ्ठ्यातून त्याच प्रमाणात कापून सरकवून बघायचे. पण त्याआधी तीन गोष्टी शाईने काढायच्या, कारण त्या हलत नाहीत : मैल्याची 110 ची पाइप डक्टकडच्या (इमारतीच्या पाइप उतरतात त्या उभ्या मोकळ्या जागेकडच्या) मागच्या भिंतीतून जिथे बाहेर पडते ती जागा (450 वर), नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीवरचं पाणी जाळीतून घेणारा, तळाशी पाणी धरून वास अडवणारा सापळा (मागचा उजवा कोपरा), आणि पडदीखालचा बीम.

बीम बहुतेक जण विसरतात. दोन्ही खोल्यांचे स्लॅब खाली दाबलेले असतात, आपल्या भाषेत संक. पण अनेक इमारतींत दोन संकांच्या मध्ये, बरोबर पडदीखाली, बीम असतो आणि त्याचा माथा पॅसेजच्या स्लॅबच्या पातळीला येतो. खालच्या फ्लॅटच्या छताला तो लोंबताना दिसतो. तो फोडायचा नाही, कोरायचा नाही, त्यातून पाइप काढायची नाही. म्हणजे डावीकडचा मैला डावीकडूनच जाणार आणि उजवीकडचं सांडपाणी उजवीकडूनच. अर्धा आराखडा इथेच ठरला.

आराखडा 'अ' : कमोड जुन्याच जागी, मागच्या भिंतीला पाठ लावून. भिंतीवर टांगलेला कमोड 540 पुढे येतो, टाकीची चौकट झाकणारा कट्टा 180. 1200 मधून 720 गेले, गुडघ्यांपुढे 480. किमान 530 तरी हवेत, 600 असतील तर बरं. बाद.

आराखडा 'ब' : कमोड उजवीकडे, शॉवर डावीकडे. कागदावर देखणा. 110 ची पाइप बीम ओलांडू शकत नाही, म्हणून बाद. 'पाइप बीमच्या वरून घेऊ, थोडी फरशी उचलू' असं कुणी म्हणालं तर त्याला आकडे मांडून दाखवा : 110 पाइप, वर 40 आवरण, शिवाय टाइल. आत शिरताना जिन्याची पायरी होते.

आराखडा 'क' : कमोड डाव्या भिंतीला पाठ लावून. कट्टा 180, कमोडचं टोक 720 वर, मध्यरेषा मागच्या भिंतीपासून 600. दोन्ही बाजूंना ऐसपैस (380 हे किमान). मैल्याची पाइप कट्ट्यात खाली उतरते आणि 90 अंशांच्या एका वळणाऐवजी 45 अंशांची दोन वळणं घेऊन 450 च्या जुन्या तोंडाला मिळते, ढाळ 1:40. बेसिन 450 × 400, मागच्या भिंतीवर, मध्य 1245 वर. बीम 900 ते 1040 मध्ये असल्याने बेसिनची 40 ची नळी बीमच्या उजवीकडेच उतरते आणि ट्रॅपच्या बाजूच्या तोंडात जाते. ती तिथेच सोडावी. ट्रॅपमधलं 50 चं पाणी सुकलं की वास येतो. बेसिनचं पाणी ते भरतं ठेवतं. शॉवर उजव्या टोकाला, त्याचा ओला भाग वेगळा करायला मध्ये काचेचं पार्टिशन. 'क' अडला तो दारापाशी. बाथरूमचं जुनं दार 1840 पर्यंत येतं आणि काच 1640 वर, म्हणजे दार उघडलं की समोर काचेची कड.

आराखडा 'ड' : 'क' तसाच, जुनी दोन्ही दारं बुजवून एकच नवं दार, चौकट 850 ते 1600. दोन्हीकडे 45 ची चौकट आणि मध्ये 660 चा पल्ला. वर 1050 लांबीचा लिंटेल (दारावरची आडवी तुळई), दोन्ही बाजूंना 150 टेकणारा. आरसीसी सांगाड्याच्या इमारतीत ही साडेचार इंची भिंत भार घेत नाही. भारवाही भिंतींच्या इमारतीत हा बदल करूच नका.

बिजागरी कुठल्या बाजूला, यावर खडूची आखणी कामाला आली. उजवीकडे लावली तर उघडा पल्ला 1555 वर काचेला समांतर उभा राहतो. मध्ये 85 उरतात, पल्ल्याची जाडी 30, हँडल 60. रोज काचेवर ठोका. डावीकडे लावली तर पल्ला 895 वर थांबतो, कमोडच्या टोकापासून 175 लांब, आणि दार अर्धवट उघडं असलं तरी पॅसेजमधून कमोड दिसत नाही. समोर बेसिनशीही अडत नाही : 660 + 400 = 1060, शिल्लक 140. घरात वयस्कर माणूस असेल तर पल्ला पॅसेजमध्ये उघडणारा करा. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच माणसाला अडून बसतं.

आता पातळ्या. खरा पेच इथेच आहे.

डाव्या कट्ट्यालगत फरशी −15. तिथून काचेपर्यंत 1460 लांबीला 1:100 ने 15 उतार, म्हणजे काचेपाशी −30. काचेखाली 50 रुंद ग्रॅनाइटची पट्टी आणि 10 ची उतरण : −40. ओला भाग 850 × 1200, त्याचा कर्ण 1470, ढाळ 1:80 म्हणून 18. ट्रॅपची जाळी −58 वर. संक पॅसेजपासून 300 खोल धरला तर जाळीखाली 240 उरतात, ट्रॅप आणि 75 च्या पाइपला पुरेसे.

बीमवर मात्र हिशेब काटेकोर आहे. 900 वर फरशीची पातळी −22 येते. बीमचा माथा साधारण −50. उरले 28. टाइल 8, अ‍ॅडहेसिव्ह 5, म्हणजे वॉटरप्रूफिंगचा थर आणि पातळ कोबा मिळून 15. नेहमीच्या सिमेंट-वाळूच्या मालावर (25) टाइल बसवायची म्हटली तर 33 लागतात, म्हणजे जागाच नाही. गवंडी सवयीने माल टाकेल, फरशी बीमवर पाचने उचलली जाईल आणि कमोडकडचं पाणी तिथेच तुंबेल. तेव्हा अ‍ॅडहेसिव्ह ठरवतानाच बोलून घ्या आणि 900 वर भिंतीवर −22 ची खूण लेव्हल पाइपने आधी मारून ठेवा.

डाव्या संकाला ट्रॅप नाही, त्यामुळे टाइलखाली झिरपलेलं पाणी तिथे साठून राहील. कोपऱ्यांना वाटा (फरशी-भिंतीच्या सांध्यावर मालाची गोलाई), भिंतीवर 300 पर्यंत वॉटरप्रूफिंगचा लेप (शॉवरपाशी 1800), संकात 48 तास पाणी साठवून चाचणी, आणि तळातून डक्टमध्ये उघडणारी एक इंची नळी. ती नळी ठिबकू लागली की गळती खालच्या घराच्या छतावर दिसण्याआधी कळते.

फरशीला 300 × 300 मॅट. कोपऱ्यातल्या ट्रॅपकडे दोन दिशांनी ढाळ असतो, 600 ची टाइल तिथे कर्णावर कापावी लागते. चार टाइल आणि दोन-दोनचे तीन सांधे मिळून 1206, आणि खोली 1200! पण भिंतीची खालची रांग फरशीनंतर बसवली की फरशी दोन्हीकडे आठ-आठ आत शिरते. 1216 मध्ये 1206 आरामात बसतात, काप भिंतीच्या टाइलखाली झाकला जातो. लांबीत 252 चा तुकडा येतो, तो कट्ट्यालगत, कमोडखाली. फरशी 35 टाइल; भिंतीला 2100 उंचीपर्यंत 300 × 600 च्या 87, दोन्हींत दहा टक्के तूट धरून.

डायव्हर्टर (पाणी नळाकडे की शॉवरकडे ते वळवणारा, भिंतीत बसणारा नळ) मागच्या जाड भिंतीत, 1050 उंचीवर. साडेचार इंची भिंतीत तो कोरू नका, पलीकडे पॅसेजला तडा जातो. त्याच्या टोपणावर किमान-कमाल खोलीच्या दोन खुणा असतात. टाइलचा तयार पृष्ठभाग त्यांच्या मध्येच यायला हवा. बॉडी पक्की करण्याआधी टाइलचा तुकडा आणि 17 ची पट्टी (माल अधिक अ‍ॅडहेसिव्ह) विटेला टेकवून बघा.

पडदी उतरली की पहिलं माप बीमच्या माथ्याचं. तो −50 ऐवजी −40 वर निघाला, तर 'ड' मोडत नाही : डावी पातळी −15 वरून −5 वर आणायची, बीमवर −12 येते आणि तेच 28 मिळतात. दारापाशी मग पॅसेजशी फरक जेमतेम 12 ते 19 राहतो, म्हणून उंबऱ्याची ग्रॅनाइट पट्टी पॅसेजच्या वर 10 काढावी लागेल, दोन्ही कडा गोल घासून.