आईच्या पाच फायली

आईच्या कपाटात पाच फायली आहेत: मधुमेहाची, रक्तदाबाची, गुडघ्यांची, डोळ्यांची आणि गेल्या वर्षी उघडलेली विसराळूपणाची. प्रत्येक फाइलचे डॉक्टर वेगळे, प्रत्येकाचा वार वेगळा आणि एकाने लिहून दिलेली गोळी दुसऱ्याच्या कानावर घालण्याचे काम माझे. ही सगळी मंडळी तिला मन लावून तपासतात, त्यांच्याविषयी माझी काहीच तक्रार नाही. परंतु या पाचही फायलींच्या मुळाशी जी एकच गोष्ट आहे, म्हणजे ब्याऐंशी वर्षांत तिच्या पेशींमध्ये हळूहळू झालेला बदल, तिची फाइल कोणाकडेच नाही.

संध्याकाळी दिवा लावून झाला की आई हात जोडते आणि अर्धवट मोठ्याने म्हणते, "देवा, हातपाय चालते आहेत तोवर ने." हे वाक्य मी माझ्या आजीच्या तोंडूनही ऐकले आहे आणि बहुतेक मराठी घरांत ते कोणी ना कोणी म्हणत असेल. वार्धक्याच्या जीवशास्त्राविषयी वाचू लागल्यानंतर माझ्या लक्षात आले की या शास्त्राचे ध्येय जवळजवळ याच शब्दांत सांगता येते. माणसाला दीडशे वर्षे जगवण्याच्या गोष्टी वर्तमानपत्रांत छापून येतात. पण या क्षेत्रात गांभीर्याने काम करणाऱ्या बहुतेकांचा रोख निरोगी वर्षे वाढवण्यावर आणि शेवटची परावलंबी वर्षे कमी करण्यावर आहे. आईचे मागणे आणि त्यांचे मागणे एकच आहे. फरक इतकाच की आई ते देवाकडे मागते, आणि त्यांना ते आपल्याकडे मागावे लागते.

आम्ही परळला राहतो. हाफकिन संस्थेच्या आवारावरून जाताना मला नेहमी आमच्या घराण्यातल्या प्लेगच्या आठवणी येतात, कारण त्या साथीत माझ्या पणजोबांचे दोन भाऊ एकाच आठवड्यात गेले होते. वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. स्वातंत्र्याच्या वेळी भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते, आज ते ७० च्या आसपास आहे. लसी, प्रतिजैविके, स्वच्छ पाणी आणि सुरक्षित बाळंतपण यांनी ही वर्षे आपल्याला मिळवून दिली. ती मिळाली म्हणूनच आपल्या घरांत आज पाच-पाच फायली आहेत. जे शास्त्र आपल्याला इथवर घेऊन आले, त्याचे पुढचे काम अर्ध्यावर सोडून चालणार नाही, असे मला मनापासून वाटते.

आतापर्यंत हाती काय लागले आहे, हे सांगताना मला सुरेंद्रनाथ सहगल यांची कथा सांगितल्यावाचून राहवत नाही. बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले हे संशोधक कॅनडातल्या मॉन्ट्रियल येथे एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. १९६४ मध्ये प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर गेलेल्या एका वैद्यकीय मोहिमेने तिथली माती गोळा करून आणली होती. त्या मातीतल्या जिवाणूपासून सहगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक द्रव्य वेगळे केले आणि बेटाच्या मूळ नावावरून, म्हणजे रापा नुईवरून, त्याला रॅपामायसिन असे नाव दिले. पुढे १९८०च्या दशकात कंपनीने ती प्रयोगशाळा बंद केली आणि या द्रव्यावरचे कामही थांबवले. सहगलांनी मात्र त्याचा थोडा साठा घरी नेऊन आपल्या फ्रीजरमध्ये ठेवला आणि काही वर्षांनी व्यवस्थापन बदलल्यावर काम पुन्हा सुरू करून घेतले. १९९९ मध्ये अमेरिकेत हे औषध मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी मान्य झाले. २००३ मध्ये सहगल वारले. त्यानंतर सहा वर्षांनी, २००९ मध्ये, अमेरिकेतल्या तीन स्वतंत्र प्रयोगशाळांनी एकाच वेळी केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: वयाच्या सहाशेव्या दिवशी, म्हणजे माणसाच्या हिशेबाने साठीच्या आसपास, हे द्रव्य द्यायला सुरुवात केली तरी उंदरांचे आयुष्य वाढले. उतारवयात सुरू करूनही उपयोग होतो, ही त्यातली मोठी बाब होती. घरच्या फ्रीजरमध्ये जपलेला तो साठा नसता, तर हे कळायला आणखी किती वर्षे लागली असती कोण जाणे.

हे औषध काम कसे करते, तेही समजून घेण्यासारखे आहे. पेशीत एक प्रथिन असते, ते पोषण मुबलक असताना पेशीला वाढीच्या कामाला जुंपते. घरात पाहुण्यांची वर्दळ असते तेव्हा माळा आवरायला कोणी घेत नाही, तसेच त्या काळात पेशीतली साफसफाई मागे पडते. रॅपामायसिन या प्रथिनाला आवर घालते आणि मग पेशी आपल्याच मोडक्यातोडक्या भागांची विल्हेवाट लावून त्यांतला माल पुन्हा वापरू लागते. या साफसफाईची यंत्रणा उलगडल्याबद्दल जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरा एक धागा म्हाताऱ्या पेशींचा आहे. काही पेशी विभाजन थांबवतात, पण मरत नाहीत, आणि आजूबाजूला दाह वाढवणारी द्रव्ये सोडत राहतात. अढीतला एक नासका आंबा वेळीच काढला नाही तर शेजारचेही डागाळतात, तसा हा प्रकार आहे. २०११ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी जनुकीय बदल केलेल्या उंदरांमधून अशा पेशी काढून टाकल्या, तेव्हा म्हातारपणाची काही लक्षणे लांबली. हे सगळे अद्याप मुख्यतः उंदरांवर दिसलेले आहे, याचे भान सुटता कामा नये. रॅपामायसिन प्रतिकारशक्ती दाबते, त्यामुळे कोणी ते परस्पर घेऊ नये. आणि तारुण्य परत देतो म्हणून सलाइनच्या बाटल्या विकणाऱ्या दुकानांशी या शास्त्राचा काही संबंध नाही.

आता आईच्या डब्याकडे येते. तिच्या गोळ्यांच्या डब्यात सकाळ-संध्याकाळच्या खणांत एक लांबट पांढरी गोळी असते, मेटफॉर्मिन. मधुमेहाची ही जुनी, स्वस्त गोळी हृदयरोग, कर्करोग आणि स्मृतिभ्रंश हे सगळेच लांबवते का, हे तपासण्यासाठी न्यूयॉर्कचे डॉ. निर बार्झिलाई यांनी ६५ ते ७९ वयाच्या सुमारे ३००० लोकांवर सहा वर्षांची चाचणी आखली. एकेका रोगाऐवजी वार्धक्यालाच लक्ष्य करणारी ही चाचणी वर्षानुवर्षे पुरेशा निधीसाठी अडून राहिली. या गोळीवर आता कोणाचे पेटंट नाही. ती गुणकारी ठरली तरी कोणत्याही कंपनीला त्यातून मोठा नफा होणार नाही. शिवाय ती गुणकारी ठरेलच असेही नाही, कारण उंदरांवरच्या काटेकोर प्रयोगांत एकट्या मेटफॉर्मिनने आयुष्य ठळकपणे वाढलेले दिसले नाही. पण कोट्यवधी घरांत रोज घेतल्या जाणाऱ्या गोळीबद्दलचा इतका साधा प्रश्न केवळ त्यात नफा नाही म्हणून अनुत्तरित राहावा, हे मला फार लागते. ज्या संशोधनात कोणाचा फायदा नाही आणि सर्वांचे हित आहे, त्याचा खर्च समाजाने उचलायचा नाही तर कोणी?

आमच्या इमारतीतले एक काका मला म्हणाले, "अहो, इथे तरुणांना नोकऱ्या नाहीत आणि तुम्ही म्हाताऱ्यांची आयुष्ये कसली वाढवता?" त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून मीही त्यांना प्रामाणिकपणे उत्तर दिले. त्यांच्या सुनेने सासूच्या आजारपणात नोकरी सोडली, त्याला चार वर्षे झाली. अंथरुणाला खिळलेल्या एका माणसामागे घरातल्या एका कर्त्या बाईचे उमेदीचे दिवस जातात. ज्येष्ठांची चालती वर्षे वाढली, तर त्यांतली निम्मी तरी या सुनांच्या आणि लेकींच्या वाट्याला येतील. काका काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी मात्र त्यांनी याच विषयावरचे एक कात्रण आमच्या दारातून आत सरकवले.

आपल्याकडे हे काम अजिबात नाही असे नाही. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने देशभरातल्या पंचेचाळिशी ओलांडलेल्या आणि त्यांचे जोडीदार अशा मिळून ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. तिच्यात उत्पन्न आणि आजार यांच्याबरोबर हाताच्या पकडीची ताकद आणि चालण्याचा वेगही मोजला गेला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९०च्या दशकापासून आसपासच्या गावांतल्या माता आणि त्यांची मुले यांचा अभ्यास करत आले आहेत. भारतीय बाळ जन्मतः वजनाने कमी असले तरी चरबीच्या प्रमाणात मागे नसते, हे त्यांनी दाखवून दिले. परदेशातल्या शरीरांवरून काढलेले निष्कर्ष आपल्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत, हे यावरून कळते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत २०२४ मध्ये 'लॉन्जेव्हिटी इंडिया' हा उपक्रम सुरू झाला. ती संस्थाच मुळात जमशेटजी टाटांनी मुंबईतल्या आपल्या इमारती आणि जमिनी देऊ केल्यामुळे उभी राहिली, हे मुंबईकरांनी विसरू नये.

माझ्याकडे इमारती नाहीत, निवृत्तिवेतन आहे. या वर्षीपासून दर वाढदिवसाला त्यातली एका महिन्याची रक्कम मी अशा संशोधनासाठी देणार आहे. पैशांइतकीच या शास्त्राला माणसांची गरज आहे, कारण ज्येष्ठ संशोधनासाठी सहजासहजी पुढे येत नाहीत. एका रुग्णालयातल्या अभ्यासात मी आणि आई दोघींनी नावे दिली. आईने संमतिपत्राची आठही मराठी पाने भिंग लावून वाचली, पाचव्या पानावर रक्ताचा नमुना किती वर्षे ठेवणार असे विचारले आणि उत्तर पटल्यावरच सही केली. मग तिथल्या मुलीने तिच्या हातात पकड मोजण्याचे यंत्र दिले आणि म्हणाली, "आजी, जोरात दाबा." आईने ओठ घट्ट मिटले, मनगटावरच्या शिरा वर आल्या आणि काटा बारा किलोपर्यंत गेला. तिने दुसऱ्यांदा दाबण्याची परवानगी मागितली. या वेळी तो तेरावर थांबला आणि मुलीने वहीत दोन्ही आकडे लिहून घेतले. पुढची मोजणी एका वर्षाने आहे. तारीख मी पाचही फायलींच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे.