सहा वर्षांच्या खंडानंतर लिहिलेला रेझ्युमे

मेकॅनिकलचा डिप्लोमा झाल्यावर 2012 ते 2017 मी भोसरी एमआयडीसीतल्या एका व्हेंडरकडे क्वालिटीत होते. मग मुलगी झाली, पाठोपाठ सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि नोकरी सुटली. 2023 मध्ये मुलगी पहिलीत गेली, तेव्हा कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात रेझ्युमे टाइप करून घेतला.

फोटो, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, आवडीनिवडी, खाली 'वरील माहिती खरी आहे' आणि सही. पाच वर्षांच्या नोकरीला मात्र एकच ओळ, 'क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून काम पाहिले'. चाकण, तळेगाव, रांजणगाव मिळून चाळीसेक ठिकाणी पाठवला. दोन महिन्यांत एकही फोन आला नाही. खंड पडलेल्या बाईला कोण घेणार, असं मी मनाशी धरूनच चालले होते.

शेवटी आमच्या जुन्या क्वालिटी इनचार्ज सरांना फोन केला. त्यांनी कागद वाचला आणि म्हणाले, "यात तू कुठे आहेस? दिवसभर काय करायचीस ते आधी मराठीत लिहून काढ. इंग्रजीचं नंतर बघू."

वही घेऊन बसले. पहिल्या दिवशी चार ओळी जमल्या. मग माळ्यावरून खिशातल्या जुन्या डायऱ्या काढल्या आणि एकेक गोष्ट वर आली. आठ सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनचं सेटिंग अप्रूव्हल, म्हणजे पहिला पीस तपासून 'चालवा' म्हणायची जबाबदारी माझी होती. प्लग गेज, थ्रेड गेज धरून माप तपासायच्या 120 गेजच्या कॅलिब्रेशनच्या, म्हणजे ते गेज अचूक आहेत का ते तपासून घ्यायच्या, तारखा मी सांभाळायचे. आणि ते बोअरचं प्रकरण! एका पार्टचा बोअर, म्हणजे आतलं भोक, लहान येतोय म्हणून कस्टमरकडून तक्रार आली होती. मी मापांसमोर वेळ लिहायला लागले, तेव्हा दिसलं की खराब पीस बहुतेक फर्स्ट शिफ्टच्या पहिल्या तासातले आहेत. मशीन थंड असताना माप सरकत होतं. सकाळी वीस मिनिटं वॉर्मअप आणि पहिले पाच पीस शंभर टक्के तपासायचे, एवढं सुरू केलं आणि रिजेक्शन शेकडा तीनवरून एकच्या खाली आलं. इतकी वर्षं हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं. ते माझं रोजचं काम होतं, त्यात सांगण्यासारखं काही असतं असं वाटलंच नाही.

हेच इंग्रजीत उतरवलं, छोट्या वाक्यांत, आकड्यांसकट. फोटो, वडिलांचं नाव, आवडी काढल्या. सगळं एका पानात बसलं.

खंडाबद्दल एका मैत्रिणीने सुचवलं, 'मधली वर्षं कुठेतरी काम केलं असं टाक.' मला ते पटलं नाही. '2017 ते 2023, कौटुंबिक जबाबदारी' अशी सरळ ओळ घातली. मी सोडलं तेव्हा आमच्याकडे वाहन उद्योगातलं क्वालिटीचं मानक टीएस 16949 होतं, आता प्रत्येक जाहिरातीत आयएटीएफ 16949. हे मानक 2016 मध्ये त्याच्या जागी आलं. म्हणून दोन दिवसांचं इंटर्नल ऑडिटरचं ट्रेनिंग केलं आणि ते अनुभवाखाली न टाकता ट्रेनिंगखालीच लिहिलं.

अजून एक अडचण होती. दुकानातला नमुना दोन कॉलमचा आणि चौकटींचा होता. तो एका पोर्टलवर चढवला तर आपोआप भरलेल्या फॉर्ममध्ये अनुभवाचा रकाना कोरा! तेव्हापासून मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकून बघते. तिथे ओळी क्रमाने आल्या तरच फाइल पाठवते. नवा रेझ्युमे एकाच कॉलमचा ठेवला. जाहिरातीत 'पीडीआयआर' (माल पाठवण्याआधीच्या तपासणीचा रिपोर्ट) असेल आणि ते काम मी केलेलं असेल, तर माझ्याकडेही तोच शब्द ठेवला.

या वेळी बाराच ठिकाणी पाठवला, प्रत्येक जाहिरात नीट वाचून. तीन फोन आले. चाकणच्या मुलाखतीत साहेबांनी बोअरच्या ओळीवर बोट ठेवलं, "हे सांगा." मी सांगत गेले, कागदावर मापांचा आलेख काढून दाखवला. खंडाबद्दल एकच प्रश्न आला, मुलीला कोण सांभाळतं, आणि तिथून ते मला स्टँडर्ड रूममध्ये, म्हणजे मापं तपासायच्या खोलीत, घेऊन गेले. टेबलावर एक पीस आणि बोअर गेज ठेवला होता. मी आधी मास्टर रिंग, म्हणजे नेमक्या मापाची कडी, मागितली आणि तिच्यावर गेजचा झीरो सेट केला.