टाकळघाटची पायी वारी

आमच्या ख्रिस्ती मंडळीत पायी यात्रेची प्रथा नाही. प्रोटेस्टंट परंपरेत तीर्थयात्रेला तसे फारसे स्थानही नाही. तरीही सप्टेंबरच्या आरंभी आम्ही चार-पाच जण पहाटे नागपुरातील सदर भागातून टाकळघाटला निघालो, कारण धाकट्या भावाच्या निधनानंतर माझी प्रार्थना जवळजवळ थांबली होती आणि स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांचा अंत झाला त्या बाजूला एकदा चालत जावे, असे मनाने घेतले होते. शेजारच्या वारकरी काकांनी याला ‘तुमची वारी’ म्हटले, ते मला आवडले.

हिस्लॉप 1845 मध्ये स्कॉटलंडहून नागपुरात आले. त्यांनी शाळा काढली, गोंड लोकांच्या भाषेची व परंपरांची टिपणे केली, या भागातील खडक आणि जीवाश्म अभ्यासले. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटजवळची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना, पुराने फुगलेल्या ओढ्यात ते बुडाले. तेव्हा ते पंचेचाळीस वर्षांचे होते. माझी अडचण नेमकी येथेच होती. बायबलमधील यशयाच्या 43व्या अध्यायात देव म्हणतो, की तू नद्यांतून जाशील तेव्हा त्या तुला बुडवणार नाहीत. भावाच्या आजारपणात हेच वचन आम्ही त्याच्या उशाशी वाचत होतो. ज्याने आयुष्य देवाच्या स्वाधीन केले तोही ओढ्यात बुडत असेल, तर या वचनाचा अर्थ काय लावायचा?

वर्धा रोडवर ट्रकांची वर्दळ इतकी, की खापरीपर्यंत बोलणे झालेच नाही. जामठ्याच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा मी हा प्रश्न आत्याला विचारला.

“बाबू, ते वचन कोणाला सांगितलं होतं?” ती म्हणाली. “बाबेलात कैदी होऊन पडलेल्या लोकांना. मंदिर जळालं होतं, गाव सुटलं होतं. ते तर आधीच बुडालेले. त्यांना देव म्हणतो, मी सोबत आहे.”

हे उत्तर मला पुरले नाही, पण अंत्यविधीच्या वेळी ऐकलेल्या ‘देवाची योजना’ या शब्दांपेक्षा ते प्रामाणिक वाटले. पुढे चालताना लूककृत शुभवर्तमानातील, येशूच्या मृत्यूनंतर अम्माऊस गावाच्या वाटेने निघालेले ते दोघे शिष्य आठवत राहिले. आमची आशा होती, असे ते भूतकाळात बोलतात आणि यरुशलेमेकडे पाठ करून चालत असतात. मरणातून उठलेला येशू त्याच दिशेने त्यांच्या सोबत जातो, आधी त्यांची सगळी कैफियत ऐकून घेतो, मग बोलतो, आणि तो कोण हे त्यांना वाटेत कळतही नाही. देव सोबत असणे आणि तो सोबत आहे असे वाटणे या दोन गोष्टी तेथे वेगळ्या आहेत. गेले वर्षभर मी दुसरीवरून पहिलीचा निवाडा करत होतो.

टाकळघाटला आम्ही 22वे स्तोत्र वाचले. ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ हा प्रश्न येशूने वधस्तंभावरून विचारला, म्हणजे तो अविश्वासाचा पुरावा खचित नव्हे.

आता मी उपासनेला पुन्हा जातो. मला साक्ष द्यायला, म्हणजे मंडळीपुढे विश्वासाचा अनुभव सांगायला, सध्या उभे करू नका, असे पाळकसाहेबांना सांगून ठेवले आहे. प्रार्थनेत मात्र भावाचे नाव घेऊन तोच प्रश्न देवाला रोज विचारतो.