फॅमिली हॅचबॅक घेताना: निकाल मागच्या सीटने दिला

घरात पाच माणसं. आई-बाबा सत्तरीकडे झुकलेले, मुलगी पाचवीत. पार्किंग बेसमेंटला, त्याचा रॅम्प अंगावर येणारा. आठवडाभर गाडीत मी आणि बायको, रविवारी पाचही जण, आणि अधूनमधून वाई. बजेट चार मीटरच्या आतल्या पेट्रोल हॅचबॅकचं. 22 सप्टेंबर 2025 पासून 1200 सीसीपर्यंतच्या अशा गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला. आधी 28 टक्के आणि वर 1 टक्का सेस होता. साहजिकच शोरूमला जत्रा भरली होती आणि सेल्सवाल्यांना टेस्ट ड्राइव्ह द्यायलाही फुरसत नव्हती.

यादीत तीन नावं होती: स्विफ्ट, बलेनो, अल्ट्रोझ. ग्लान्झा म्हणजे टोयोटाच्या बिल्ल्याची बलेनोच, म्हणून ती वेगळी धरली नाही. आय-20 किमतीमुळे गळली. मला मनातून हवी होती स्विफ्ट. 2024 साली आलेली नवी पिढी दिसायला देखणी, शहरात चपळ, आणि सहा एअरबॅग, ईएसपी (गाडी घसरू लागली की सावरणारी यंत्रणा), हिल होल्ड (चढावर गाडी मागे सरकू न देणारी सोय) अगदी खालच्या व्हेरिएंटपासून. आधीच्या पिढीच्या स्विफ्टला ग्लोबल एनकॅपने, म्हणजे गाड्या आदळवून सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने, 2022 मध्ये पाचपैकी एकच तारा दिला होता, त्यामुळे हा बदल मला मोठा वाटला.

शोरूमची टेस्ट ड्राइव्ह म्हणजे ठरलेली गोल चक्कर. सपाट रस्ता, एखादा यू-टर्न, शेजारी सेल्समन आणि एसीचा गारवा. त्यात कुठलीही नवी गाडी छानच वाटते. म्हणून मी दोन अटी घातल्या. एक, आई-बाबा मागे बसणार. दोन, गाडी आमच्या सोसायटीपर्यंत न्यायची आणि बेसमेंटच्या रॅम्पवर अर्ध्यात थांबवून पुन्हा चढवायची. एका ठिकाणी "सर, पॉलिसी नाही" म्हणाले, बाकीच्यांनी कुरकुरत का होईना होकार दिला.

आई गाडीत बसते ती पद्धत सांगतो, कारण निम्मा निर्णय तिथेच झाला. गुडघ्यांमुळे ती आधी पाठमोरी होऊन सीटवर टेकते, मग दाराच्या वरचं हँडल धरून एकेक पाय आत घेते. म्हणजे तिला दार जास्त उघडायला हवं, सीट फार खाली नको आणि छत डोक्याला लागायला नको. स्विफ्टमध्ये ती टेकली, पण डोकं आत घेताना मान वाकवावी लागली. पाय आत घेताना चप्पल दाराच्या खालच्या कोपऱ्यात अडकली. अल्ट्रोझची दारं थेट काटकोनात उघडतात, हे मी आजवर जाहिरातीतलं वाक्य समजत होतो. आई तिच्यात सरळ बसली आणि म्हणाली, "हिच्यात कुणाचा हात धरावा लागत नाही." बलेनोचं दार तेवढं उघडत नाही, पण गाडी लांब असल्याने पाय फिरवायला जागा मिळते.

कागदावर हा फरक किरकोळ दिसतो. स्विफ्टची लांबी 3860 मिलिमीटर, बलेनोची 3990. चाकांमधलं अंतर 2450 आणि 2520. हे सात सेंटिमीटर कुठे गेले ते बाबांच्या गुडघ्यांना विचारा. मी माझ्या उंचीप्रमाणे ड्रायव्हर सीट लावली आणि त्यांना मागे बसवलं, तर स्विफ्टमध्ये त्यांचे गुडघे सीटच्या पाठीला टेकले. बलेनोत मधे मूठ बसत होती. मधल्या जागेवर मुलीला बसवून पाहिलं. स्विफ्ट आणि बलेनोत तिथे पायाखाली जमिनीचा उंचवटा येतो, आणि तो तिला सारखाच खटकला. दहा वर्षांच्या मुलीला मधे बसवणार असाल तर तिथला पट्टा तीन टोकांचा आहे ना, हे मात्र बघाच.

डिकीसाठी घरची मोठी बॅग आणि पंचवीस किलोचं तांदळाचं पोतं सोबत नेलं होतं. सेल्समन हसला. हसू दे. लिटरचे आकडे (स्विफ्ट 265, बलेनो 318, अल्ट्रोझ 345) सगळीकडे छापलेले असतात, पण पोतं किती उंच उचलून आत टाकायचं ते कुणी छापत नाही. डिकीची कड उंच असली की तेच वजन आधी वर आणि मग आत खोल, असं दोनदा पेलावं लागतं. बाबांनी प्रत्येक गाडीत स्वतः पोतं ठेवून पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून निकाल दिला.

टचस्क्रीन, वायरलेस चार्जर, सहा-सात स्पीकर यांवर मी वेळ घालवला नाही. ते सगळ्यांकडे कमी-अधिक सारखंच असतं.

इंजिनाचा प्रश्न असा पुण्यात बसून सुटत नव्हता. स्विफ्टमध्ये आता तीन सिलिंडरचं 1197 सीसीचं इंजिन आहे, ताकद साधारण 82 पीएस आणि टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, 112 एनएम. बलेनोत त्याच क्षमतेचं चार सिलिंडरचं, 90 पीएस आणि 113 एनएम. टॉर्क जवळपास तेवढाच, मग फरक काय पडणार, असं कुणीही म्हणेल. म्हणून शनिवार-रविवारसाठी सेल्फ-ड्राइव्हची स्विफ्ट भाड्याने घेतली, तीच काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची, आणि सगळे वाईला गेलो. पुढे मावसभावाची बलेनो मागून त्याच रस्त्याने तसंच केलं. गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला माझं हे सांगणं आहे: ज्या गाडीवर आठ लाख घालणार, ती दोन दिवस भाड्याने घ्या.

वाई सोडून पसरणी घाटाला लागलं की गाडीची खरी परीक्षा. पाच माणसं, डिकी भरलेली, एसी चालू. वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये वेग पडतो, आरपीएम दीड हजाराच्या खाली येतो, आणि वळण संपताच ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी काय करते ते पाहायचं. स्विफ्टने सुरुवातीचा ओढा चांगला दिला. तीन सिलिंडरचा घरघराट आणि पायाखाली किंचित थरथर जाणवली, पण गाडी अडली नाही. अडचण पुढे यायची. एसटीला ओव्हरटेक करायला गिअर ताणला की आवाज वाढतो, वेग त्या मानाने वाढत नाही. बलेनो खालून थोडी सुस्त, एकदोन वळणांवर पहिला टाकावाच लागला. पण एकदा फिरायला लागली की वरपर्यंत मोकळी पळते, आणि मागच्या सीटवर आवाज कमी. मुलगी पाचगणीपर्यंत झोपून गेली.

एकट्याने किंवा दोघांनी शहरात फिरायचं असेल तर मी डोळे झाकून स्विफ्ट घेईन. तिचं स्टिअरिंग हलकं, वळायला सोपी आणि पार्किंगला आटोपशीर. आमचा हिशेब पाच माणसांचा होता.

सीएनजीचा मोह बाबांना होता. स्विफ्ट सीएनजीचा किलोला 32.85 किलोमीटरचा आकडा त्यांना पाठ झाला होता. पण सीएनजीवर तिची ताकद 70 पीएसच्या आसपास उतरते आणि डिकीत टाकी येऊन बसते. अल्ट्रोझने दोन छोट्या टाक्या खाली सरकवून 210 लिटर डिकी वाचवली आहे, ती युक्ती चांगली. पण आमचं महिन्याचं फिरणं पंपावरच्या रांगेत उभं राहावं इतकं नव्हतं. सुरक्षेत अल्ट्रोझ पुढे होती, 2020 मध्येच तिला ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळालेत. भारत एनकॅपमध्ये, म्हणजे तशाच आपल्याकडच्या चाचणीत, बलेनोला 2025 साली प्रौढांच्या सुरक्षेसाठी चार मिळाले. शेवटी मागच्या सीटने स्विफ्ट बाद केली, आणि घाटातली चाल आणि गावाजवळचं सर्व्हिस सेंटर या दोन गोष्टींवर बलेनो पेट्रोल मॅन्युअल ठरली. आईचं मत शेवटपर्यंत अल्ट्रोझलाच होतं, तेही नोंदवतो.

मग कोटेशन. इथे मात्र डोकं थंड ठेवून बसायचं. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स 11 टक्के, त्यात घासाघीस नाही. नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा लागतो. 1000 ते 1500 सीसीसाठी त्याचा ठरलेला हप्ता 10,640 रुपये आणि वर जीएसटी. तो सगळ्या कंपन्यांचा एकच, त्यामुळे घासाघीस करायची ती पहिल्या वर्षाच्या ओन डॅमेजवर, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्यावर. मला मिळालेल्या पहिल्या कागदावर विम्याचा एकच गोळा आकडा होता. फोड मागितली. मग तोच विमा, तीच आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) आणि झिरो डेप (भरपाईत घसारा न कापणारं कव्हर) धरून बाहेरून कोट आणला आणि टेबलावर ठेवला. दहा मिनिटांत "मॅनेजर सरांशी बोलून" आतला आकडाही खाली आला. विमा डीलरकडूनच घ्यायची सक्ती नसते, हे तोंडावर म्हणायची तयारी ठेवा.

त्याच कागदावर तळाशी "हँडलिंग" नावाची एक ओळ होती. गाडी कारखान्यातून शोरूमपर्यंत आणायचा खर्च म्हणे. तो एक्स-शोरूम किमतीतच असतो ना, एवढंच विचारलं. ओळ गेली. ॲक्सेसरीजच्या पॅकेजमधून मॅट आणि मडफ्लॅप ठेवले, कोटिंग काढलं. एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली, ती मला पैसे वसूल वाटली.

पीडीआय, म्हणजे ताब्यात घेण्याआधीची तपासणी, रजिस्ट्रेशनच्या आधी करायची. एकदा गाडी नावावर झाली की ओरखडा तुमचा. मी स्टॉकयार्डात भर दुपारी गेलो, ट्यूबलाइटखाली रंगातला फरक कळत नाही. चासिस नंबर कागदाशी जुळवला, गाडीवरच्या पट्टीवर उत्पादनाचा महिना पाहिला. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. चारही टायर आणि स्टेपनीचे आकडे आसपासचे होते. मागच्या बंपरच्या कडेला केसाएवढी रेघ दिसली, ती पॉलिशने गेल्याशिवाय मी पुढच्या कागदावर सही केली नाही.

आता ॲव्हरेज. टाकी फुल टू फुल मोजून शहरात 14-15, हायवेला 19-20 मिळतं. कंपनीचा आकडा 22.35 आहे. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये तो कुणालाच मिळत नाही.