पावसाळ्यानंतरची सॅन स्टॉर्म: आधी अर्थिंग, मग चकाकी

फायबरच्या गाडीला गंज लागत नाही, हे स्टॉर्म बाळगणाऱ्या प्रत्येकाला कोणी ना कोणी सांगितलेलं असतं. ते अर्धंच खरं आहे. बॉडी गंजत नाही. पण तिच्याखालचा पोलादी सांगाडा गंजतो, सस्पेन्शनचे हात गंजतात, ब्रेकच्या नळ्या, बोल्ट आणि वायरींची टोकंही गंजतात. वरून रंग छान दिसत असतो, त्यामुळे हे सगळं फार उशिरा लक्षात येतं. म्हणून पावसाळ्यानंतर गाडी बाहेर काढताना पॉलिशचा डबा मी सर्वात शेवटी उघडते.

ज्यांनी ही गाडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सॅन मोटर्सनं गोव्यात बनवलेली ही दोन आसनी, उघड्या टपाची गाडी. इंजिन रेनॉचं, ११४९ सीसी, साधारण ६० हॉर्सपॉवर, ताकद पुढच्या चाकांना. हा आकडा ऐकून कोणी नाक मुरडलं तर मला वाईट वाटतं, कारण हलक्या, बुटक्या गाडीत हेच इंजिन किती मोकळं पळतं ते बसल्याशिवाय कळत नाही. आपल्या कोकणपट्टीवर घडलेली स्पोर्ट्स कार म्हणून तर तिच्यावर माझा जीव आहेच.

थंड देशांत अशा गाड्या हिवाळाभर झाकून ठेवतात. मुंबईत ती पाळी पावसाळ्यात येते. सरासरीनं मान्सून इथे ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो. त्यामुळे जूनच्या सुरुवातीलाच पार्ल्यातल्या आमच्या सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये गाडी आतल्या खांबाशी लावली. टाकी काठोकाठ भरली, बॅटरी काढून घरी आणली, टायरमध्ये ४० पीएसआय हवा भरली. हँडब्रेक सोडून चाकांना लाकडी ठोकळे लावले. चार महिने हँडब्रेक ओढून ठेवला तर दमट हवेत ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात. कव्हर सुती घेतलं, कारण प्लास्टिकखाली वाफ कोंडते आणि रंगावर ढगाळ डाग पडतात. सायलेन्सरच्या तोंडाला आणि हवेच्या फिल्टरच्या नळीला बारीक जाळी बांधली, ती उंदरांसाठी.

अनंत चतुर्दशीनंतर

पाऊस अजून होता, पण विसर्जनाची गर्दी ओसरली आणि कव्हर काढलं. पहिला वास बुरशीचा आला. सीटच्या शिवणींवर आणि हूडच्या, म्हणजे घडीच्या टपाच्या, आतल्या घडीवर पांढुरकी बुरशी होती. ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे आत ठेवले होते, ते पाण्यानं भरले होते, म्हणजे त्यांनी त्यांचं काम केलं. पुढच्या वर्षी महिन्याच्या महिन्याला बदलणार आहे.

इंजिनला हात लावण्याआधी जाळ्या काढून एअर फिल्टरचा डबा उघडला. आत काही नव्हतं. बॉनेटखालच्या वायरींवरून बोट फिरवत गेले आणि एके ठिकाणी कुरतडल्याचे दात लागले. तांबं उघडं पडलं नव्हतं, तरी तेवढा तुकडा बदलायचा म्हणून चिकटपट्टी लावून खूण केली.

त्या पंधरवड्यात नवीन वस्तू घेतली नाही. पितृपक्षात खरेदी नको असं आईचं म्हणणं, आणि मला ते सोयीचंच पडलं. तपासणी, सफाई आणि यादी, एवढंच केलं. गाडी चारही बाजूंनी स्टँडवर घेऊन खालून टॉर्च दाखवत फिरलं की यादी आपोआप लांबते.

अर्थिंग

या नोंदीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे, म्हणून इथे सावकाश.

अर्थिंग म्हणजे वीज बॅटरीकडे परत जायची वाट. पत्र्याच्या गाडीत बॉडी हीच परतीची वायर असते. दिव्याला एक वायर आली की दुसरं टोक जवळच्या पत्र्याला कसलं, झालं. फायबरमधून वीज जात नाही. त्यामुळे प्रत्येक दिवा, पंखा, हॉर्न आणि सेन्सरची परतीची वायर वेगळी ओढून सांगाड्यापर्यंत न्यावी लागते. ती जिथे बोल्टनं कसलेली असते, तिथे समुद्राची खारी हवा बसते. बाहेरून बोल्ट जागच्या जागी दिसतो. आत मात्र थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाचं धातूचं कडं, आणि पोलाद यांच्यामध्ये गंजाचा पापुद्रा तयार झालेला असतो.

मग त्रास भलत्याच ठिकाणी दिसतो. इंडिकेटर लावला की पार्किंगचा दिवा मंद लुकलुकतो. हेडलाइट लावल्यावर तापमानाचा काटा वर सरकतो. सेल्फ कधी लागतो, कधी नुसता टक्क आवाज करतो. लोक स्टार्टर बदलतात, अल्टरनेटर बदलतात, आणि दोष बोल्टखाली तसाच राहतो.

मोजायची पद्धत सोपी आहे. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं ज्या भागाचा संशय आहे त्याच्या अर्थच्या टोकाला. आता तो भाग चालू करायचा. नुसतं जोडून बघण्यात अर्थ नाही, प्रवाह वाहताना मोजलं पाहिजे. आकडा ०.२ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. माझ्या डाव्या हेडलाइटला ०.९ आला. म्हणजे जवळजवळ एक व्होल्ट दिव्यापर्यंत न पोचता त्या गंजातच उष्णता होऊन जात होता. इंजिन आणि सांगाड्यामधली जाड पट्टी सेल्फ मारताना मोजायची असते, तिची पाळी बॅटरी बसवल्यावर आली. ती बरी निघाली.

लालबागचे आमचे मिस्त्रीकाका या गाडीला अनेक वर्षं हात लावतात. त्यांना फोनवर आकडा सांगितला तर म्हणाले, "ताई, एक सापडला ना, मग बाकीचे पण उघडा. एकाच पावसात भिजलेत सगळे." आणि तसंच निघालं. मागच्या दिव्यांचा सामायिक बोल्ट पान्याला लागताच तुटला.

घटस्थापना झाली आणि हार्डवेअरच्या बाजाराची नागदेवी स्ट्रीट गाठली. कथील चढवलेली तांब्याची थिंबलं, दातेरी वॉशर, बोल्ट, आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी, सगळं तिथे एका फेरीत मिळतं. काम असं केलं: बोल्टखालची जागा पॉलिश पेपरनं चकचकीत पोलाद दिसेपर्यंत घासली, नवं थिंबल दाबून बसवलं, दातेरी वॉशर घालून कसलं, आणि कसून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली. आधी जेली लावून मग कसणारेही आहेत. मला धातूला धातू लागलेला दिसला पाहिजे, मगच मी झाकते. डाव्या हेडलाइटचा आकडा ०.०६ वर आला आणि उजेडातला फरक समोरच्या भिंतीवर नुसत्या डोळ्यांनी दिसला. इतका आनंद मला नव्या टायरनंही झालेला नाही.

पेट्रोल, ऑइल, पहिला स्टार्ट

आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि पाणी फार झालं की ते इथेनॉलसकट पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं. गाडीतल्या पंपाची नळी टाकीच्या तळातूनच पेट्रोल ओढते. टाकी काठोकाठ ठेवल्यानं आत हवा कमी राहते, ओलही कमी शिरते, पण चार महिन्यांचं पेट्रोल मी तरीही इंजिनला पाजत नाही. हे काम स्टिल्टखाली करायचं नाही. टोचन करून गाडी गॅरेजला नेली, बॅटरी जोडलेली नसताना मोकळ्यावर पेट्रोल लोखंडी कॅनमध्ये उतरवलं. काचेच्या बरणीत थोडं धरून बघितलं, थर वेगळे झालेले नव्हते. फिल्टर नवा घातला.

जुन्या रबरी नळ्या हा पुढचा प्रश्न. त्या बनल्या तेव्हा एवढं इथेनॉल कोणाच्या डोक्यात नव्हतं. नळी वाकवून बघितली तर बाहेरच्या अंगाला बारीक भेगा दिसल्या. इंजेक्शनच्या गाडीत नळीत दाब असतो, तिथे साधी पेट्रोलची नळी चालत नाही. इंजेक्शनच्या गाड्यांसाठीची आर९ दर्जाची नळी आणि गोल पट्ट्याचे क्लिप मागवले आहेत. इंजिनच्या बाजूच्या नळ्या बदलून झाल्या, टाकीजवळच्या बाकी आहेत.

बॅटरी घरी चार्जरवर होती. बसवण्याआधी १२.६ व्होल्ट दाखवत होती, म्हणजे पूर्ण भरलेली. ऑइल आणि फिल्टर बदलले. मग प्लग काढले, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढला, इग्निशनची जोडणी सोडवली आणि थोडा थोडा सेल्फ मारत ऑइलचा दिवा विझेपर्यंत इंजिन नुसतं फिरवलं. चार महिन्यांत ऑइल खाली उतरून जातं. बेअरिंगवर ऑइल पोचायच्या आत इंजिन पेटवणं मला बघवत नाही. सगळं परत जोडून चावी फिरवली आणि दुसऱ्या प्रयत्नात गाडी सुरू झाली. चालू इंजिनवर बॅटरीला १४.१ व्होल्ट.

क्लच मात्र चिकटला होता. ओलीमुळे प्लेट फ्लायव्हीलला धरते, पेडल दाबूनही गिअर पडत नाही. मिस्त्रीकाकांनी गाडी गरम होऊ दिली, बंद केली, पेडलला लाकडी दांडा लावून ते दाबलेलं ठेवलं आणि चहाला गेले. परत आलो तोवर सुटला होता. जोर लावून गिअर कोंबण्यापेक्षा हे बरं.

ब्रेक ऑइलबद्दल दोनच वाक्यं. डॉट ४ कोरडं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओल शोषल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येते, आणि मुंबईच्या हवेत दोन वर्षांत बदलणं हा खर्च टाळण्यासारखा नाही. या वेळी बदललं.

आता चकाकी

फायबरवर पॉलिश करणं पत्र्यापेक्षा नाजूक काम आहे. पत्रा उष्णता पसरवतो, फायबर ती जागच्या जागी धरून ठेवतं. मशीन एका जागी जरा जास्त थांबलं की कडेचा रंग मऊ पडून निघून जातो. त्यातून रंगाची जाडी मोजायचं नेहमीचं मीटर खाली धातू असेल तरच चालतं, म्हणजे किती रंग शिल्लक आहे ते मोजायची सोय नाही. त्यामुळे मी कडांवर आणि उभारांवर आधी चिकटपट्टी लावते आणि तेवढा भाग शेवटी हातानं करते.

क्रम: भरपूर पाण्यानं धूळ उतरवली, दोन बादल्यांनी धुतली, मग क्ले, म्हणजे रंगाला चिकटलेले कण ओढून काढणारा मऊ गोळा. पार्ल्यात सध्या जिकडेतिकडे इमारती पाडून नव्या उभ्या राहतायत, सिमेंटची धूळ स्टिल्टखाली येतेच. क्ले फिरवताना तो खरखरीतपणा हाताला लागतो आणि मग अचानक नाहीसा होतो. कंपाउंड, म्हणजे रंग किंचित घासणारी पेस्ट, फक्त बॉनेटला, तेही सर्वात बारीक, ड्युअल अॅक्शन मशीनवर कमी गतीनं आणि दर दोन फेऱ्यांनंतर पृष्ठभागाला हात लावून. बाकी गाडीला नुसतं फिनिशिंग पॉलिश. वर कार्नौबा वॅक्स. सिरॅमिक कोटिंग करून टाक असं बरेच जण सुचवतात. पण जो रंग मोजता येत नाही त्यावर मला सहज न निघणारा थर नको, पुढे एखादी बारीक भेग दिसली तर तिथे पोचता आलं पाहिजे.

हूडची बुरशी सौम्य साबण आणि मऊ ब्रशनं गेली. ब्लीच अजिबात वापरू नका, शिवणीचा दोरा कुजतो. हूड पूर्ण वाळेपर्यंत ताणून लावलेलंच ठेवलं. मागची प्लास्टिकची खिडकी पिवळसर पडली आहे, पॉलिशनं थोडी निवळली पण रात्री मागच्या गाडीचे दिवे अजून फाकतात.

खंडेनवमीला अवजारांची पूजा झाली, दसऱ्याला गाडीची. झेंडूचं तोरण तारेत ओवलेलं मिळालं होतं, ते सोडून सुती दोऱ्यात ओवलं, कारण तार वाऱ्यानं हलत रंगावर ओरखडे काढते. हळदकुंकू नंबर प्लेटवर लावलं. प्लेट नवीनच आहे, जुन्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट सक्तीची झाल्यावर बसवलेली.

पहिली फेरी

पीयूसी आधी करून घेतलं. बीएस ४ च्या आधीच्या गाड्यांना ते सहाच महिन्यांचं मिळतं, पावसाळ्यात संपलेलं असण्याची शक्यता धरून चाला. टायरची हवा मूळ आकड्यावर आणली. पहाटे पार्ल्याहून निघून सी लिंक, तिथून कोस्टल रोडनं मरीन ड्राइव्ह. पहिले काही किलोमीटर स्टिअरिंगमध्ये टायरचा चपटेपणा जाणवला, वरळीपर्यंत गेला. मलबार हिलखालच्या बोगद्यात टप उघडा ठेवून तिसऱ्या गिअरला त्या छोट्या इंजिनचा आवाज ऐकला आणि सगळ्या नागदेवीच्या फेऱ्या वसूल झाल्या.

गाडी थांबवल्यावर चारही चाकांचं तापमान लेझर थर्मामीटरनं बघितलं. पुढचं उजवं डाव्यापेक्षा बरंच गरम होतं. ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना अडकत होत्या. त्या काढून साफ केल्या, सिलिकॉन ग्रीस लावलं, परत फेरी मारली आणि दोन्ही बाजू सारख्या आल्या.

उरलेली कामं: टाकीजवळच्या नळ्या, कुरतडलेली वायर, मागची खिडकी. खिडकीसाठी हूड न उसवता नुसतं प्लास्टिक बदलून देणारा कारागीर शोधते आहे, मुंबई-ठाण्यात कोणी असं करून घेतलं असेल तर सांगा. आणि ज्यांच्याकडे स्टॉर्म आहे त्यांनी दिवाळीआधी निदान हेडलाइटचा अर्थ मोजून आकडा कळवा. माझ्या गाडीचे सगळे अर्थ बिंदू मी कागदावर उतरवून ठेवले आहेत. तुमच्याशी पडताळून बघितले की एक पक्का नकाशा तयार होईल.