रुंदीवरून आलेला शब्द

शाळेने काय दिले, असे कुणी विचारले तर मला प्रथम आठवतो तो इंग्रजीच्या सरांनी शिकवलेला, अभ्यासक्रमात कुठेही नसलेला ‘लॅटिट्यूडिनेरियन’ हा शब्द. आदल्या तासाचा जगाचा नकाशा भिंतीवर तसाच राहिला होता. त्यावरील अक्षांशांच्या आडव्या रेषांवर पट्टी टेकवून सरांनी सांगितले, की लॅटिनमध्ये ‘लॅटस’ म्हणजे रुंद आणि ‘लॅटिट्यूडो’ म्हणजे रुंदी. प्राचीन भूगोलकारांना ठाऊक असलेले जग पूर्व-पश्चिम लांब आणि दक्षिणोत्तर आखूड असल्यामुळे दक्षिणोत्तर मापाला रुंदीचे नाव मिळाले. पुढे तोच शब्द विचारांच्या मोकळिकीलाही लागू झाला.

‘लॅटिट्यूडिनेरियन’ म्हणजे धर्ममतांच्या बाबतीत ऐसपैस दृष्टीचा, दुसऱ्याच्या मताला जागा देणारा. आज हे वर्णन गौरवाचे वाटत असले, तरी सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये तो टोमणा होता. यादवी युद्धात देश होरपळला होता, १६४९ मध्ये राजाचा शिरच्छेद झाला होता आणि राजेशाही परतल्यावर १६६२ च्या कायद्याने प्रार्थनेची एकच पद्धत सक्तीची केल्याने शेकडो धर्मोपदेशकांना आपली पदे सोडावी लागली होती. अशा काळात बेंजामिन व्हिचकोट यांच्यासारखे केंब्रिजचे विद्वान विवेकबुद्धीला मान देत होते, तर त्यांच्या विचारांचे संस्कार झालेले जॉन टिलटसन यांच्यासारखे धर्मोपदेशक विधी आणि चर्चची रचना यांवरून तंटे नकोत, असे म्हणत होते. त्यांची श्रद्धा पातळ आहे, असे विरोधकांना वाटे. तरीही टिलटसन १६९१ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे सर्वांत वरिष्ठ धर्मगुरू झाले, हे सांगताना सरांचा आवाज चढला होता.

सहिष्णुतेचा इतिहास मात्र सरांनी कधी गोड करून सांगितला नाही, आणि मला त्यांचे हेच मोठेपण वाटते. १६८९ च्या सहिष्णुता कायद्याने अनेक प्रोटेस्टंट पंथांना उपासनेची मुभा दिली, पण कॅथलिकांना आणि पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच ईश्वर, हे त्रैक्याचे तत्त्व नाकारणाऱ्यांना तीतून वगळले. कायदा मानणाऱ्या इतर पंथीयांनाही सरकारी पदांची वाट मोकळी झाली नाही. म्हणून शब्दाच्या अर्थाखाली, कायद्याने कोणाकोणाला बाहेर ठेवले होते, तेही सरांनी आमच्याकडून वहीत लिहून घेतले.