बोर्ड चुकीचा दिसतोय

मी ॲनिमेशन स्टुडिओत लेआउट आणि थ्रीडीचं बघतो. मध्ये एका पायलटचं काम आलं होतं, जपानमधली शाळकरी मुलगी गो (आखलेल्या पटावर रेघांच्या छेदांवर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या ठेवून खेळायचा दोघांचा खेळ) खेळते अशी गोष्ट, आणि सगळं 'हिकारू नो गो'च्या वळणाचं हवं असं क्लायंटचं पहिल्यापासून म्हणणं. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो, 2001 ते 2003 मध्ये आलेली 75 भागांची सिरीज आहे, हिकारू नावाच्या पोराला आजोबांच्या अडगळीत गोचा जुना पट सापडतो आणि त्यातनं साई नावाच्या हेइआन काळातल्या, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीच्या जपानमधल्या गो-गुरूचं भूत निघून थेट याच्या डोक्यात मुक्काम ठोकतं. चाली भुताच्या, हात पोराचा.

तर संध्याकाळी डिलिव्हरी आणि सकाळी रिटेक आले. क्लायंटकडे गो खेळणारे एक सल्लागार होते, त्यांचा शेरा एका ओळीचा, "बोर्ड चुकीचा दिसतोय". बास. काय चुकीचं, कुठे चुकीचं, काही नाही. आमच्या टेक्श्चरवाल्याने 19 बाय 19 रेघा मोजल्या, 361 छेदबिंदू बरोबर, लाकूड बरोबर, लायटिंगवाला म्हणे माझ्याकडे बघू नका.

मग मी खऱ्या पटाची मापं काढली आणि उडालोच, कारण तो चौरस नसतोच मुळी! लांबी साधारण 45 सेंटिमीटर, रुंदी 42. खेळणारा समोर बसून तिरकं बघतो त्यामुळे लांबी डोळ्याला आखूड वाटते, म्हणून ती आधीच वाढवून ठेवलेली. सोंगट्यांचंही तेच, काळी 22.2 मिलिमीटर आणि पांढरी 21.9, कारण पांढरं उगाच मोठं दिसतं. आम्ही दिवसभर कॅमेऱ्यासाठी चीट करत बसतो आणि या लोकांनी ते लाकडात आणि शिंपल्यातच करून ठेवलंय (पांढऱ्या सोंगट्या शिंपल्याच्या, काळ्या दगडाच्या). आमचं मॉडेल लायब्ररीतनं आलेलं, चकाचक चौरस. आडव्या अंगाला दोन रेघांत जेमतेम 22 मिलिमीटर जागा, म्हणजे शेजारच्या सोंगट्या एकमेकींना ढकलणारच, आणि आमच्या बसल्या होत्या बाथरूमच्या टाइल्ससारख्या. स्नॅप (सोंगटी आपोआप नेमक्या छेदावर बसवणारी सोय) काढला, प्रत्येक सोंगटी केसभर इकडे तिकडे सरकवली, आणि खरं सांगतो, एकदम जीव आला फ्रेममध्ये.

हाताचा शॉट तर त्याहून नाजूक. ज्युनिअरने सोंगटी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत दिली होती. त्याला म्हटलं, "अरे, हिकारूचे सुरुवातीचे भाग लाव आणि फ्रेम फ्रेम पुढे ने." तिथे हिकारू अस्साच चिमटीत धरतो, आणि समोरचा आकिरा लहानपणापासून खेळलेला, त्याच्या तर्जनीच्या नखावर सोंगटी आणि वरून मधलं बोट. आकिरा चक्रावतो तो यामुळेच, हात नवशिक्याचा आणि चाली उस्तादाच्या! "म्हणजे दादा, आपली मुलगी पाचव्या वर्षापासून खेळते म्हटलंय तर..." एवढं बोलून पोरगं स्वतःच रिग (मॉडेलचा हात हलवायचा सांगाडा) उघडून बसलं. एका बोटावरून दुसऱ्या बोटावर सोंगटी सरकणं इतकं किचकट आहे ना, की दुपारचं जेवण त्यातच गेलं.

राहिली पटावरची मांडणी. आमची म्हणजे दिसेल तिथे टाकलेल्या सोंगट्या. हिकारूमधले बरेच डाव खऱ्या खेळाडूंच्या डावांवरून घेतलेत, मग आपणही तसंच करू म्हटलं आणि शूसाकू या जुन्या जपानी गो-खेळाडूचा 1846 चा प्रसिद्ध डाव उचलला, शूसाकू सतरा वर्षांचा आणि समोर गेन्नान इन्सेकीसारखा बुजुर्ग. त्यातली काळ्याची 127वी चाल पडली आणि गेन्नानचे कान लाल झाले, ते बघून तिथे हजर असलेला वैद्य म्हणाला की हा पोरगा जिंकतोय, अशी गोष्ट सांगतात. सिरीजमध्येही साई आधी याच शूसाकूच्या मागे राहून खेळलेला दाखवलाय, त्यामुळे निवड सरळच होती. 126 चाली नोंदीवरून एकेक करून मांडल्या आणि मुलीच्या हातात 127वी.

संध्याकाळी कॉलवर सल्लागार आधी काहीच बोलेनात. मग कॅमेऱ्याजवळ येऊन, "ही कान लाल होणारी चाल ना?" आम्ही सगळे म्यूटवर ओरडलो. बोर्ड पास, बोटं पास.

आणि मग म्हणतात कसे, मुलगी विचार करताना वाटीत हात घालून सोंगट्या खुळखुळवते तेवढं काढा, चाल ठरल्याशिवाय वाटीत हात घालणं असभ्य समजतात. तो खुळखुळ ज्युनिअरचा सगळ्यात लाडका शॉट होता. काढला.